दीड मेगावॅटचा फ्लेक्स आणि डबक्यातले बुडबुडे

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय सदस्य,
नगरपालिका, जि. सातारा
(गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पत्र कुणाला आहे, ते ज्यांना आहे त्यांना पहिल्याच परिच्छेदात कळेल.)

स. न. वि. वि.

एस. टी. स्टँडसमोर लागलेला फ्लेक्स मी तीनदा वाचला. एकदा गाडीवरून जाताना, एकदा थांबून आणि एकदा चष्मा पुसून. ‘कचऱ्यातून प्रकाश! आपल्या डेपोतून दीड मेगावॅट वीज!’ वरच्या बाजूला हात जोडलेले सगळ्यांचे फोटो, खाली पेटलेला बल्ब. चौकशी केली तेव्हा कळलं की सर्वसाधारण सभेत ठराव झालाय, कचरा डेपोच्या ढिगात बोअर घेऊन आतला गॅस ओढायचा, त्यावर इंजिन चालवायचं आणि कंपनीशी वीस वर्षांचा करार करायचा. सभा संपल्यावर पेढेही वाटले म्हणे. कुंपणाला लागून ज्यांची रानं आहेत त्यांच्यापर्यंत पेढे काही आले नाहीत. वास मात्र न चुकता येतो.

मी त्या रानवाल्यांपैकी एक. एकोणतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो, त्यातली शेवटची बारा डिस्टिलरीच्या गॅस इंजिनावर काढली. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जो स्पेंटवॉश उरतो, तो बंद टाक्यांत कुजवला की गॅस सुटतो. तो धुऊन, वाळवून आम्ही इंजिनाला द्यायचो. तेव्हा घाणीतून वीज होते का, असं मला कुणी विचारू नये. त्या विजेवर मी पगार खाल्लाय. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या सव्वा एकरात आलं आणि सोयाबीन करतो. त्या सव्वा एकराची उगवतीची बाजू तुमच्या डेपोच्या तारेला लागते.

म्हणजे मी प्रकल्पाचा विरोधक नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या चौकात ‘हा कुणाचा माणूस?’ अशी चर्चा सुरू होईल. आपल्या जिल्ह्यानं कोयनेच्या पाण्यातून वीज काढली, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या वाऱ्यातून काढली, उसाच्या चिपाडातून काढली. कचऱ्यातून निघाली तर मला दुःख व्हायचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही काहीच मोजलेलं नाही. न मोजता वीस वर्षांची सही करायला निघालात.

आता डबक्याचं सांगतो.

गेल्या जुलैत, चार दिवस झड लागून उघडीप झाली होती. माझ्या बांधाच्या खालच्या अंगाला, कुंपणाच्या अलीकडं, पाणी साचतं. पुतण्याचा मुलगा सातवीत आहे, तो तिथं उकिडवा बसून काहीतरी बघत होता. पाण्यात बुडबुडे येत होते. बेडकाचे म्हणावेत तर जागा हलत नव्हती. एकाच ठिकाणी एक फुटला की दुसरा, संथ, खालून कुणी श्वास सोडावा तसे. मी ‘सर मागं’ म्हणेपर्यंत पोरानं खिशातली काडी ओढली होती. भप्प असा आवाज झाला, पाण्यावरून हातभर निळसर जाळ सरकला आणि विझला. त्याच्या दोन्ही भुवया आणि कपाळावरचे केस गेले. पोरगं हसत होतं. मी मात्र तिथंच मटकन बसलो, कारण काय जळलं ते मला कळलं होतं.

ज्यांच्या दारात गोबरगॅस आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. ओला माल हवेशिवाय कुजला की जो गॅस होतो त्यात निम्म्याच्या आसपास मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि किंचित हायड्रोजन सल्फाइड, ज्याला सडक्या अंड्याची घाण येते. मिथेनला स्वतःला वास नाही. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं आणि ठिणगी मिळाली की स्फोट. गोबरगॅसला डोम असतो, नळी असते, कॉक असतो. तुमच्या डेपोला यातलं एकही नाही. गॅसला जिकडं वाट मिळेल तिकडं तो जातो. भेगांतून, मुरमातून, पाइपलाइनच्या जुन्या चरातून, आणि माझ्या बांधाखालून.

आमची आई नेहमी म्हणायची, आभाळ भरून आलं की डेपो जास्त मारतो. मला वाटायचं हवा दमट असते म्हणून. इंजिनावर काम करायला लागल्यावर खरं कारण उमगलं. पावसाळी हवेत वातावरणाचा दाब उतरतो, वरचं ओझं हलकं झालं की जमिनीतला गॅस बाहेर येतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरात लॉस्को नावाचं गाव आहे. तिथं २४ मार्च १९८६ च्या सकाळी एक बंगला उडाला, तीन माणसं जबर जखमी झाली. जवळच्या, भरून बंद केलेल्या कचऱ्याच्या खाणीतला गॅस जमिनीखालून घरात येऊन साचला होता, आणि त्या रात्री हवेचा दाब झपाट्यानं उतरला होता. आईला हवामानशास्त्र माहीत नव्हतं, पण नाक बरोबर होतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, रानाची. गेल्या खरिपात कुंपणालगतचे आल्याचे चार गादीवाफे पिवळे पडले. कंदकूज म्हणून दोन आळवण्या दिल्या, खर्च केला, काही उपयोग नाही. शेवटी खोरं घातलं. वीतभर खाली माती काळी-निळी, चिकट, आणि वास थेट आमच्या डिस्टिलरीच्या टाकीचा. मुळांना हवा लागते, तिथं हवेची जागा गॅसनं घेतली होती. बांधापासून लांबच्या वाफ्यांत तेच बेणं, तेच खत, आणि कंद तळहाताएवढे. नुकसानीचा अर्ज दिला. ‘पंचनाम्याच्या नमुन्यात हे कारण बसत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं. खरंही असेल, गारपीट बसते, अतिवृष्टी बसते, शेजारचा डेपो कुठल्या रकान्यात लिहायचा?

दुसरी, विहिरीची. कुंपणापासून माझ्या विहिरीपर्यंत माझी दीडशे पावलं होतात. पावसाळ्यात पाण्यावर चहाच्या रंगाची साय धरते. २०१६ च्या घनकचरा नियमांत भराव भूमी, म्हणजे कचरा गाडायची जागा, वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर लांब असावी असं होतं. तुमचा डेपो त्या नियमांच्या आधीचा आहे, हे मान्य. पण पाणी नियमाची तारीख बघून झिरपत नाही. आम्ही पिण्याचं पाणी सहा वर्षांपासून गावातून कॅनमधून आणतो.

तिसरी, आगीची. एप्रिलमध्ये ढीग अकरा दिवस धुमसत होता. ‘कुणीतरी पेटवलं’ असं सांगून विषय संपवला गेला. पेटवलंही असेल, पण वरून टँकरनं पाणी मारून पोटातली आग विझत नाही. काळं पाणी तेवढं वाढतं, आणि ते पुन्हा माझ्याच बाजूला उतरतं. डेपोवर भंगार वेचणारी एक मावशी आहे. तिला ढिगातली गरम जागा बरोबर ठाऊक असते. ‘चप्पल चिकटती तिथं जायचं न्हाई,’ एवढंच तिचं मोजमाप. तुमच्या प्रकल्प अहवालात तापमानाचा तेवढासुद्धा आकडा नाही. मी अहवाल माहितीच्या अधिकारात मागवून वाचलाय.

आणि चौथी या अहवालाचीच. इथं जरा वेळ घेतो, कारण बाकीचं माझ्या एकट्याचं आहे, हे सगळ्या गावाचं आहे.

दीड मेगावॅट. तासाला दीड हजार युनिट. एक घनमीटर डेपोच्या गॅसमध्ये निम्मा मिथेन धरला आणि चांगलं इंजिन धरलं तर पावणेदोन युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे दीड मेगावॅटला तासाला साडेआठशे घनमीटर गॅस हवा. दिवसरात्र. तो आहे का? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक ढोबळ ठोकताळा आहे, दहा लाख टन कचऱ्यामागे पाऊण मेगावॅटच्या जरा वर. आपल्या गावाचा कचरा रोज चाळीस टन धरू, तोही आजचा आकडा, पूर्वी कमीच होता. पंचवीस वर्षं एक टन इकडं-तिकडं न होता सगळा डेपोत पडला असं समजलं तरी ढीग होतो ३ लाख ६५ हजार टनांचा. त्या ठोकताळ्यानं वीज निघते पाव मेगावॅटच्या थोडी पुढं. चाळकेवाडीच्या पठारावरची जुन्या पिढीची एखादी पवनचक्की तेवढ्या ताकदीची असते. बाकीचा सव्वा मेगावॅट कुठून येणार, हे अहवालात कुठंही लिहिलेलं नाही.

बरं, तो ठोकताळा तिकडच्या डेपोंचा. खाली प्लॅस्टिकचं अस्तर, वर मातीचं झाकण, थरावर थर दाबलेले. लॉस एंजेलिसजवळच्या प्वेन्ते हिल्सच्या डेपोतून ५० मेगावॅटच्या आसपास वीज निघायची, पण तिथं दहा कोटी टनांहून जास्त कचरा गाडलेला होता. आपला ढीग दोन-तीन पुरुष उंच, उघडा, कडेनं ढासळलेला. वरचा थर हवेत कुजतो, त्यात मिथेन होतच नाही. खालचा होतो तो निम्मा उडून जातो. शिवाय आपल्या ऊन-पावसात ओला कचरा लवकर कुजतो. गॅस लवकर चढतो आणि लवकर उतरतो. करार वीस वर्षांचा आहे.

अशा उघड्या ढिगात विहीर, म्हणजे गॅसचं बोअर, घेऊन ब्लोअरनं ओढायला लागलात की आणखी एक गोष्ट होते. ओढ जास्त झाली की वरून हवा आत शिरते. आतला माल आधीच तापलेला. म्हणजे आपण पैसे मोजून भट्टीला भाता लावला. म्हणून प्रत्येक विहिरीला वेगळा व्हॉल्व्ह लागतो आणि मिथेन, ऑक्सिजन, तापमान मोजून तो रोज थोडा-थोडा फिरवणारा माणूस लागतो. ढीग खचत जातो तसं पाइपाला पोट पडतं, पोटात पाणी साचतं, पाणी साचलं की त्या ओळीचा गॅस बंद. इंजिनाचं तर विचारूच नका. शाम्पू, क्रीम, डिओ यांतली सिलिकॉनची द्रव्यं गॅसबरोबर येतात आणि सिलिंडरमध्ये जळून त्यांची बारीक वाळू होते. पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हच्या सीटवर पांढरा थर धरतो. आमच्या डिस्टिलरीत ही कटकट नव्हती, आमची कटकट सल्फरची. ऑइल काळं पडायच्या आधी आंबट व्हायचं आणि बेअरिंगं खायचं. दोन वेळा ओव्हरहॉल मी स्वतः केलाय, हातावर डाग अजून आहेत. हे सगळं होऊ शकतं, जगात होतंही. पण त्याला रोज लक्ष लागतं. जी संस्था घंटागाडीचा भोंगा चार महिने दुरुस्त करू शकली नाही, तिच्याकडून ही अपेक्षा ठेवताना माझा हात थोडा थरथरतो. (हा टोमणा आहे, शिवी नाही. माफी असावी.)

आणि आता कराराच्या मसुद्यातलं ते कलम. ‘पालिकेने रोज किमान ठरलेल्या वजनाचा अवर्गीकृत कचरा डेपोवर पुरवावा, कमी पडल्यास भरपाई द्यावी.’ अवर्गीकृत म्हणजे ओला-सुका एकत्र. ज्या बायका तीन वर्षं हिरवा डबा, निळा डबा सांभाळत आल्या, ज्या पोरांना शाळेत तुम्हीच शपथ दिलीत, त्यांनी आता काय करायचं? कचरा वेगळा केला तर पालिकेला दंड, एकत्र केला तर कंपनीला गॅस. वीजनिर्मितीच्या नावाखाली ओला कचरा ढिगात टाकत राहण्याचा हा वीस वर्षांचा परवाना आहे. २०१६ च्या नियमांनी भराव भूमीत फक्त तेच जावं असं सांगितलं होतं जे कुजत नाही आणि ज्याचा दुसरा उपयोग नाही. मग तुमच्या इंजिनानं जेवायचं काय?

गंमत पुढंच आहे. दोन वर्षांपूर्वी याच सभागृहानं ठराव केला की जुना ढीग उकरून, चाळून, जमीन मोकळी करायची. बायोमायनिंग. आता त्याच ढिगात विहिरी. ढीग उचलायचा आहे की ठेवायचा आहे, हे एकदा आपापसात ठरवून घ्यावं ही विनंती.

तेच नियम गॅसबद्दल काय म्हणत होते तेही सभेत कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. परवडत असेल तर गॅस उष्णतेसाठी किंवा विजेसाठी वापरा. नसेल तर जाळा, हवेत सोडू नका. तेही जमतच नसेल तर शेवटी नळ्या लावून सोडा. आणि डेपोवर मिथेनचं प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या चतुर्थांशावर जाता कामा नये. म्हणजे हवेत सव्वा टक्का. माझ्या डबक्यावर ते किती होतं, हे पोराच्या भुवयांनी सांगितलं. जाळणं म्हणजे नुकसान असं वाटू देऊ नका. शंभर वर्षांच्या हिशोबात एक टन मिथेन सुमारे अठ्ठावीस टन कार्बन डायऑक्साइडइतका हवा तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ऐंशीच्या आसपास. जाळला की त्याचा साधा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. मुंबईत गोराईचा डेपो २००७ मध्ये बंद केला, ढीग झाकला, विहिरी घातल्या, गॅस गोळा करून जाळायची सोय केली. आधी झाकण, मग नळी. आपण झाकणाच्या आधी बल्ब लावतोय.

ओल्या कचऱ्याची वीज करायचीच असेल तर तो ढिगात जायच्या आधी टाकीत घाला. वेगळा केलेला ओला कचरा टनाला शंभर घनमीटरच्या आसपास बायोगॅस देतो. आपल्या चाळीस टनांतला निम्मा ओला धरला तर वीस टनांचे दोन हजार घनमीटर, म्हणजे दिवसाला साडेतीन हजार युनिटच्या जवळपास. दीडशे किलोवॅट. फ्लेक्सवर शोभणार नाही, पण रोज मिळेल, आणि स्लरी आम्ही शेतकरी घेऊन जाऊ. इंदूरनं फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टनांचा असा प्रकल्प सुरू केला, तो चालतो कारण तिथल्या घराघरांत कचरा आधी वेगळा होतो. इंदूर लांब वाटत असेल तर कराड आपल्याच जिल्ह्यात आहे. एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं होतं. एक दिवस एस. टी. नं जाऊन यावं.

माझ्या मागण्या लांबलचक नाहीत.

करारावर सही करण्याआधी ढिगात चाचणी विहिरी घेऊन किमान एका पावसाळ्यासह गॅस मोजा, आणि आकडे नगरपालिकेच्या फलकावर लावा. मोजणारी संस्था कंपनीनं नेमलेली नको.

अवर्गीकृत कचऱ्याचं कलम काढून टाका. ते राहणार असेल तर करारच नको.

कुंपणाच्या चारी बाजूंनी, विशेषतः वस्तीकडं आणि माझ्या बांधाकडं, गॅस तपासायच्या नळ्या बसवा आणि दर पंधरवड्याला वाचन घ्या. आभाळ आलेल्या दिवशी घ्या, कडक उन्हात घेऊन ‘शून्य’ लिहू नका.

ढीग उचलायचा की झाकायचा, ते लेखी सांगा. झाकणार असाल तर गॅस गोळा करून जाळायची बंद भट्टी बसवा. इंजिनापेक्षा ती कितीतरी स्वस्त असते. वीज परवडेल की नाही, ते मोजणीवरून नंतर ठरवता येईल.

ओल्या कचऱ्याचं टेंडर वेगळं काढा. त्या मावशीला आणि तिच्यासोबतच्या बायकांना वर्गीकरण शेडमध्ये ओळखपत्रासह, पगारी काम द्या. ढिगाचं पोट त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी पालिकेच्या खर्चानं करा. माझ्या एकट्याची नको, कुंपणालगतच्या सगळ्यांची.

पुढच्या सर्वसाधारण सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर असेन. बोलायची परवानगी मागणारा अर्ज आवक-जावकला दिलाय, पोच माझ्याकडं आहे. दहा मिनिटं पुरतील. कंपनीचे इंजिनिअर येणार असतील तर फारच उत्तम, त्यांना इंजिनाच्या भाषेत चार प्रश्न विचारायचे आहेत आणि त्यांची उत्तरं पटली तर तुमच्या फ्लेक्सखाली मी स्वतः उभा राहून फोटो काढीन.

कळावे,

आपला,
डेपोशेजारचा एक आलं उत्पादक, निवृत्त फिटर

ता. क. : डबक्याभोवती मी बोराट्याच्या काट्या टाकल्यात आणि पत्र्यावर ‘काडी ओढू नये’ असं रंगवून लावलंय. मागच्या आठवड्यात साफसफाईत तुमच्या माणसांनी तो पत्रा भंगार समजून उचलून नेला. पुन्हा लावलाय. तेवढा तरी राहू द्यावा.